रकाना पाचवा

दुपारचे दोन वाजलेले, आणि खिडकीबाहेर
दिवस निळा पडून संपलेला.
शाळेच्या हॉलमध्ये बारा खुर्च्या मांडल्या मी,
आले सात. त्यातला एक
मुलीला न्यायला आलेला, थंडी म्हणून थांबला.

माझ्याकडे चौदा स्लाइड्स,
फोमचं रॉकेट, शेपटीला चुंबक,
आणि प्रश्नावली:
‘अवकाश संशोधनावर सरकार करते तो खर्च
योग्य आहे, असे आपणांस वाटते का?’
पूर्ण सहमत. थोडे सहमत. थोडे असहमत. पूर्ण असहमत.
माहीत नाही.
स्टॉकहोमहून पेन्सिलीही पाठवलेल्या, टोकं काढून.

मी सांगितलं: सहा मिनिटं.
सहा मिनिटं वजन नसतं तिथे,
मेणबत्तीची ज्योत गोल होते,
निळी, बोरीच्या फळाएवढी,
कारण वर म्हणजे कुठे, ते ज्योतीला कळत नाही.
ही माझी लाडकी स्लाइड.
नॉरशॉपिंगला इथे टाळ्या पडल्या होत्या.
इथे फक्त ती न्यायला आलेली मुलगी, सिग्गा,
खुर्चीसकट पुढे सरकली.

मग बीएट्टार उठला.
पिशवीतून पत्रा काढला त्यानं,
ताटाएवढा, एका कडेला मुडपलेला,
वर आकडा: चार,
आणि पुढे सात किंवा एक, तिथेच फाटलेला.
‘हे तुमचं.’
आवाज चढवला नाही. विसरलेली छत्री
परत करावी तसा टेबलावर ठेवला.
‘दोन हिवाळे यावर किटली ठेवली.
चांगला आहे.’

म्हणाला, उड्डाणाआधी फोन येतो.
मग डोंगरातल्या निवाऱ्यात जाऊन बसायचं.
आम्ही बसतो, कॉफीत चीज बुडवून खातो,
आवाज ओसरेपर्यंत.
रेनडिअरना फोन येत नाही.
मागच्या वसंतात माद्या गाभण होत्या,
नदीवरचं बर्फ पातळ, आणि वरून तो आवाज…
इथे थांबला.
त्याची बहीण म्हणाली, सांग ना.
त्यानं नाही सांगितलं.

पंधरावी स्लाइड नव्हती माझ्याकडे.
शोधपथक म्हणाले, हेलिकॉप्टर म्हणाले,
नव्वद टक्के म्हणाले.
टक्क्यांच्या सुतावरून स्वर्ग गाठायचा,
हीच तर नोकरी माझी.
ते ऐकत होते, पाव्हण्याचं ऐकतात तसं.

प्रश्नावल्या परत आल्या.
एक पूर्ण सहमत, सिग्गाची,
वय नऊ, त्यामुळे मोजायची नाही;
शेजारी तिनं निळा गोळा काढलेला.
तिच्या बापाची कोरी.
बीएट्टारनं पेन्सिल बराच वेळ
चारही रकान्यांवरून फिरवली,
कळपातलं आपलं पिल्लू शोधावं तशी,
आणि पाचव्यावर टेकवली.
मग माझ्याकडे बघून विचारलं,
‘तू कुठे खूण केलीस?’

अकरा गावं झाली या थंडीत.
तीन हजारांवर कागद माझ्या हातून गेले.
माझ्या नावाचा एकही नव्हता त्यात.
‘मी भरत नाही,’ म्हणाले.
‘का?’
खुर्च्या आवरायच्या होत्या. मी त्या आवरल्या.

अहवालात लिहिलं: उपस्थिती अल्प,
प्रतिसाद संमिश्र, लहान मुलांत उत्साह.
‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी
अधिक सोप्या भाषेतली माहितीपत्रिका सुचवली.
खोटं काहीच नव्हतं त्यात.

पत्रा गाडीत शेजारच्या सीटवर होता.
वळणावर घसरायचा, मी हातानं धरायची.
एकशे ऐंशी किलोमीटर.

सोमवारी केंद्रात फोन केला:
आकडा सत्तेचाळीस असेल की एक्केचाळीस?
पलीकडे कळा दाबल्याचा आवाज.
मग म्हणाले, दोन्ही उड्डाणांचे सगळे भाग
सापडलेत. तशी नोंद आहे.

टेबलावर आहे तो अजून.
कप मी बाजूला ठेवते.